रोजी की रंजन?

माणूस काम कसे करतो यावरून त्याची पारख करण्याची आपली जुनी रीत आहे. तो सुट्टी कशी घालवतो याकडे मात्र आपण फारसे लक्ष देत नाही. कामात सक्ती असते, पोटाचा धाक असतो, वरिष्ठांची नजर असते. सुट्टीत यांपैकी काहीच नसते. म्हणून सुट्टीत केलेली निवड ही माणसाची अधिक स्वतःची निवड असते, असे आम्हांला वाटते. या लेखात आम्ही अशाच एका निवडीचा विचार करणार आहोत. परदेशात सुट्टीवर गेल्यावर, पैसे मोजून, गाइड बरोबर घेऊन सॅल्मन माशाच्या मासेमारीला जावे का? आणि जायचेच तर कोणती सहल निवडावी?

वाचक म्हणतील, हा प्रश्न आपला कसा? पण तो आपला झालेला आहे. ब्रिटनमध्ये, कॅनडात, अमेरिकेत आपली कुटुंबे स्थिरावली. त्यांची मुले तिथे वाढली. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कॉटलंडच्या नद्यांवर किंवा अलास्काला जाणे ही त्यांच्यासाठी अप्रूपाची गोष्ट उरलेली नाही. अशा सहलीची जाहिरात पाहिली की त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आपल्या घरातल्या संस्कारातून आलेला असतो : हे जायज आहे का? उत्तर सोपे आहे, जायज आहे. मासा हलाल आहे, त्याला जबह करावे लागत नाही, समुद्राची शिकार इहराममध्ये असलेल्या यात्रेकरूलाही मोकळी आहे. एवढे उत्तर मिळाले की आपण समाधानाने पुढचे पाऊल टाकतो. आमचे म्हणणे असे की खरा प्रश्न या उत्तराच्या पुढे सुरू होतो.

आधी हा मासा कोणता ते पाहू. मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून जे मिळते तो आपला रावस. त्याचा आणि खऱ्या सॅल्मनचा नात्याने काही संबंध नाही. खरा सॅल्मन हा थंड मुलखातला मासा. नदीच्या वरच्या अंगाला, स्वच्छ गार पाण्यात, गोट्यांच्या खळग्यात तो जन्मतो. काही महिने किंवा एक-दोन वर्षे नदीत काढून समुद्रात उतरतो. तिथे काही वर्षे खाऊन मोठा होतो आणि मग ज्या नदीत जन्मला तीच नदी शोधत परत येतो. जन्माच्या पाण्याचा वास त्याच्या स्मरणात राहिलेला असतो, हे शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवून दिले आहे. अलास्काच्या नद्यांत सॅल्मनच्या पाच जाती येतात : किंग, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम. या पाचही जाती आयुष्यात एकदाच अंडी घालतात आणि त्यानंतर मरतात. अटलांटिकच्या सॅल्मनमधले थोडेच मासे पुन्हा समुद्रापर्यंत पोहोचतात.

या परतीच्या प्रवासातली एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. नदीत शिरल्यावर सॅल्मन खाणे जवळजवळ बंद करतो. अंगातल्या चरबीवर तो प्रवाहाविरुद्ध चढत राहतो. युकॉन नदीतले काही किंग सॅल्मन तर तीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर उपाशीपोटी चढून कॅनडातल्या आपल्या जन्मस्थानी पोहोचतात. मेल्यावर त्यांची शरीरे अस्वले, गरुड आणि नदीकाठची झाडे यांच्या कामी येतात. समुद्रातून आलेले नत्र त्या झाडांच्या खोडांत सापडते. म्हणजे ज्या माशाला सुट्टीवर आलेला माणूस गळ टाकतो, तो भुकेपोटी आमिषाला लागत नाही. बहुधा चिडून किंवा जुन्या सवयीने तो त्यावर तोंड टाकतो. आयुष्यातल्या एकमेव आणि शेवटच्या सफरीवर निघालेला तो उपाशी मुसाफिर असतो.

आता सहल कशी असते ते पाहू. पहाटे गाइड येऊन घेऊन जातो. होडी त्याची, काठी त्याची, रीळ, आमिष, गळ, गुडघ्याच्या वर येणारे बूट सगळे त्याचे. कोणत्या वळणावर, किती खोल पाण्यात मासा विसावा घेतो हे त्याला ठाऊक. तो होडी प्रवाहात धरून ठेवतो, गळाला आमिष लावून देतो, कुठे टाकायचे ते सांगतो. मासा जवळ आला की तो त्याला जाळीत घेतो, डोक्यावर सोटा मारून ठार करतो आणि काठावर आल्यावर चिरून, साफ करून, पिशवीत भरून देतो. मग गिऱ्हाइकाच्या वाट्याला काय राहते? मासा गळाला लागल्यापासून जाळीत येईपर्यंतची काही मिनिटे. काठी वाकते, दोरी ताणली जाते, मासा उसळ्या मारतो, हात भरून येतात. विकत घेतली जाते ती ही झुंज. सोबत मासाही मिळतो, पण मासा काय, बाजारातही मिळाला असता.

हाताला लागणाऱ्या त्या ओढीचा आनंद खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या दालदी तांडेलाला विचारा. जाळे जड लागले की त्याचाही चेहरा उजळतो. पण त्याचा आनंद रोजीच्या मागून येतो. जाळे जड म्हणजे चूल पेटणार, कर्जाचा हप्ता जाणार, पोरीची फी भरली जाणार. सुट्टीवरच्या माणसाच्या बाबतीत क्रम उलटा होतो. आनंद हा हेतू आणि मासा हे साधन. आमचा प्रश्न या उलट्या क्रमाचा आहे.

धर्माने याबद्दल काय सांगितले आहे? समुद्राच्या शिकारीची परवानगी कुरआन शरीफच्या पाचव्या सूरेत आहे. त्या सूरेचे नाव अल-माइदा, म्हणजे अन्न मांडलेला दस्तरखान. परवानगी देताना तिचा हेतूही तिथेच सांगितला आहे : ती तुमच्यासाठी आणि मुसाफिरांसाठी शिदोरी आहे. सोळाव्या सूरेत समुद्र माणसाच्या सेवेला लावल्याचा उल्लेख येतो, तोही ताजे मांस खाता यावे या संदर्भात. म्हणजे परवानगी आणि दस्तरखान यांची गाठ बांधलेली आहे. आपण परवानगी तेवढी उचलतो आणि दस्तरखान मागे ठेवतो.

माशाबाबत आपल्यात एक बेफिकिरी आली आहे, तिचे कारणही इथे शोधता येईल. कोणता जलचर हलाल यावर आपल्या मजहबांत मतभेद आहेत. कोकणातले शाफई समुद्रातले जवळजवळ सगळे खातात, दख्खनचे हनफी फक्त मासाच घेतात आणि कोळंबीवरून अजून वाद घालतात. पण मासा जबह करावा लागत नाही, यावर कुणाचा वाद नाही. बकऱ्याच्या मानेवर सुरी ठेवताना निदान अल्लाहचे नाव घेतले जाते, हात क्षणभर थांबतो. मासा मरताना असे कुणी थांबत नाही. सुरीतून सूट मिळाली तशी आपल्या मनालाही सूट मिळाली. वास्तविक हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांची शिकवण अशी की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीतीने वागणे, बंधनकारक केले आहे. जनावर कापायचे तर सुरीला धार लावा, त्याला कमीत कमी त्रास होऊ द्या, हे त्याच हदीसमध्ये येते. ‘प्रत्येक गोष्टीत’ या शब्दांतून मासा वगळलेला नाही.

हेतूविषयी तर हदीस आणखी स्पष्ट आहेत. चिमणीएवढा जीवही जो हकाशिवाय मारील त्याला अल्लाहपुढे जाब द्यावा लागेल, असा एका हदीसचा आशय आहे. चिमणीचा हक कोणता, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की तिला रीतसर कापून खावे, नुसती मारून टाकून देऊ नये. दुसऱ्या एका हदीसमध्ये जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्याची मनाई आहे. शिकारीच्या मागे लागलेला माणूस गाफील होतो, असाही इशारा आहे. निव्वळ करमणुकीसाठी केलेली शिकार अनेक फकिहांनी नापसंत ठरवली ती याच आधारावर. आणि कुरआनात एकाहून अधिक ठिकाणी हे आले आहे की आकाश, पृथ्वी आणि त्यांमधले सर्व काही खेळ म्हणून निर्माण केलेले नाही.

याचा अर्थ इस्लाम खेळाच्या विरोधात आहे असा कुणी घेऊ नये. स्वतः पैगंबरसाहेबांनी हजरत आयेशा यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आहे. एकदा त्या जिंकल्या, एकदा ते जिंकले. पोहणे, घोडेस्वारी, तिरंदाजी यांची शिफारस आहे. पण शर्यतीत दोघेही आपण होऊन धावतात. नदीतली झुंज ही एकाच्या दृष्टीने झुंज असते. दुसऱ्याच्या दृष्टीने तो जिवावरचा प्रसंग असतो.

इथे आधुनिक शिकारी एक उत्तर देतो आणि ते ऐकायला चांगले वाटते. तो म्हणतो, आम्ही मासा मारतच नाही. पकडतो, फोटो काढतो आणि पुन्हा पाण्यात सोडतो. या रीतीला बराच मान आहे. स्कॉटलंडमध्ये २०१६ पासून नद्यांची वर्गवारी करण्यात येते आणि ज्या नदीत सॅल्मन कमी तिथे पकडलेला प्रत्येक मासा सोडून देणे सक्तीचे आहे. आज तिथे गळाला लागलेल्या शंभर सॅल्मनपैकी नव्वदहून अधिक परत सोडले जातात. याउलट स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत, सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडायला मनाई केली. खायचा असेल तर पकडा, नाहीतर त्याला त्रास देण्याचे कारण काय, असा त्यामागचा विचार. एका देशात जे कर्तव्य, ते दुसऱ्या देशात गुन्हा. दोन्ही देश माशाच्या भल्याचेच बोलतात.

हा विरोध समजून घेतला पाहिजे. स्कॉटलंडचा कायदा माशांच्या जातीकडे पाहतो, स्वित्झर्लंडचा कायदा एका माशाकडे पाहतो. जात वाचवायची तर सोडणे योग्य. पण ज्या माशाच्या जबड्यात गळ रुतला त्याचे काय? माशाला वेदना होते का, हा वाद शास्त्रज्ञांत जुना आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ओठात दाहक द्रव टोचल्यावर मासे खाईनासे झाले, तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. इजा ओळखणाऱ्या नसा त्यांच्या डोक्यात सापडल्या. माशाच्या मेंदूत माणसासारखे बाह्यपटल नाही, त्यामुळे त्याला आपल्यासारखी वेदना जाणवणे शक्य नाही, असे जेम्स रोझ यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे. वाद मिटलेला नाही. पण शंका असेल तिथे हात आखडता घ्यावा, हा आपल्या परहेजगारीचा नियम आहे. शिवाय सोडलेले सगळे जगत नाहीत. गळ गळ्यात किंवा कल्ल्यात रुतला, रक्त गेले, पाणी गरम असले किंवा फोटोसाठी मासा फार वेळ हवेत धरला, तर तो पुढे कुठेतरी मरतो. सहलीवरचा माणूस ते पाहत नाही, म्हणून त्याला ते घडले असे वाटत नाही.

सहाव्या सूरेत जमिनीवरचे प्राणी आणि आकाशातले पक्षी यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. दहाव्या शतकात बसरा येथील इख्वान-उस्-सफा या विद्वानांच्या मंडळाने एक दीर्घ कथा लिहिली. तिच्यात सगळे प्राणी माणसाविरुद्ध जिनांच्या राजाकडे फिर्याद घेऊन जातात. अशा दरबारात सॅल्मन उभा राहिला आणि म्हणाला की या माणसाने मला खाल्ले, तर माणसाकडे उत्तर आहे : मला भूक होती आणि रब्बने परवानगी दिली होती. पण तो म्हणाला की याने मला ओढत आणले, माझ्याबरोबर फोटो काढला आणि सोडून दिले, तर माणूस काय उत्तर देईल? खाल्ले नाही हा बचाव त्या दरबारात चालेल, असे आम्हांला वाटत नाही.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. पहिला आक्षेप असा की या सहलींच्या पैशांवर नद्या राखल्या जातात. परवान्यांची फी, स्कॉटलंडमधल्या मालकीच्या पट्ट्यांचे भाडे, गिली म्हणवणाऱ्या तिथल्या गाइडांची रोजी, सगळे त्यावर चालते. काठी घेऊन रोज पाण्यात उभा राहणारा माणूस नदी खराब झाली तर सर्वांत आधी ओरडतो. हे खरे आहे. पण नदी राखण्यासाठी पैसे देणे ही एक गोष्ट आणि त्या बदल्यात माशाशी खेळण्याचा हक घेणे ही दुसरी. पहिली दुसरीशिवायही करता येते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जे लोक बाजारातला मासा निमूटपणे खातात त्यांना बोलण्याचा अधिकार काय? जाळ्यात हजारो मासे गुदमरून मरतात. युरोपातल्या दुकानांत मिळणारा बहुतेक सॅल्मन नॉर्वे-स्कॉटलंडच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत दाटीवाटीने वाढवलेला असतो. अंगावर समुद्री उवा चढलेल्या त्या माशांचे आयुष्य हेवा करण्याजोगे नाही. या आक्षेपापुढे आम्ही मान झुकवतो. मोकळ्या नदीत वाढलेला एक मासा गळाने पकडून, एका घावात मारून, घरी नेऊन खाल्ला, तर तो पिंजऱ्यातल्या माशापेक्षा बरा जगला आणि बरा मेला. म्हणून ‘मासेमारीची सहल वाईट आणि बाजार चांगला’ असा निवाडा आम्ही देत नाही. उलट, आपण खातो तो जीव मरताना एकदा पाहणे, त्याचा भार आपल्या हातावर घेणे यात एक इमानदारी आहे. ती टिकते मात्र खाण्याच्या हेतूवर.

अलास्काच्या केनाई नदीवर याचे एक गमतीदार उदाहरण दिसते. तिथे उन्हाळ्यात सॉकाय सॅल्मन लाखोंनी चढतात. समुद्रातही त्यांचे खाणे मुख्यतः बारीक जीवांचे, त्यामुळे नदीत ते आमिषाला क्वचितच तोंड लावतात. म्हणून लोक लांब दोरी प्रवाहाबरोबर अशी वाहवत नेतात की ती माशाच्या उघड्या तोंडातून ओढली जाते आणि गळ जबड्यात रुततो. काठीच्या खेळातले दर्दी या पद्धतीला नाके मुरडतात. म्हणतात, यात मासा फसवण्याचे कौशल्य कुठे आहे, ही तर नुसती पकड. आमच्या मोजमापाने मात्र ही नुसती पकडच अधिक स्वच्छ आहे. माणूस काठावर उभा राहतो, परवानगी असेल तेवढे मासे घेतो, मारतो आणि घरी जातो. त्याला झुंजीचा बहाणा लागत नाही.

त्याच केनाईवर दुसरी गोष्ट आहे ती किंग सॅल्मनची. काठीने पकडलेल्या किंग सॅल्मनचा जागतिक विक्रम याच नदीचा. १९८५ मध्ये लेस अँडरसन यांनी ९७ पौंड ४ औंस वजनाचा, म्हणजे ४४ किलोचा मासा पकडला. त्या आकाराच्या मोहाने जगभरचे लोक तिथे आले, गाइडांचा धंदा वाढला. पुढे मासे घटत गेले, आकारानेही लहान होत गेले. २०२३, २०२४ आणि २०२५ या हंगामांत तिथली किंग सॅल्मनची काठीची मासेमारी बंद ठेवावी लागली. घटीची कारणे अनेक सांगतात : तापलेला समुद्र, समुद्रातल्या मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत चुकून येणारे मासे, आणि नदीवरचा मारा. सगळा दोष सहलीवाल्यांचा, असे कुणी म्हणत नाही. पण ज्या माशाची कीर्ती त्याच्या आकारावर उभी राहिली, त्याच्याकडे अन्न म्हणून पाहणारे डोळे कमी होते हेही खरे.

युकॉन नदीवर तर याहून कठीण निर्णय झाला. एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी किंग सॅल्मनची मासेमारी सात वर्षे थांबवण्याचा करार केला. सात वर्षे म्हणजे त्या माशाच्या आयुष्याचा एक फेरा. त्या नदीकाठच्या मूळ रहिवाशांचे हिवाळ्याचे अन्न म्हणजे हा मासा. तो वाळवणे, धुरी देणे, मुलांना पकडायला शिकवणे यावर त्यांची घरे उभी आहेत. सॅल्मन ही आमची परंपरा आहे असे म्हणण्याचा खरा अधिकार त्यांचा आणि हात आवरायची पाळीही त्यांच्यावर आली. अलास्काच्या कायद्यात पोटासाठीच्या मासेमारीला खेळाच्या मासेमारीपेक्षा अग्रक्रम आहे. हा क्रम आपल्याला परका वाटू नये. शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याविषयी पैगंबरसाहेबांनी काय म्हटले आहे, ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

सातव्या सूरेत समुद्रकाठच्या एका वस्तीची हकिकत आहे. शनिवारी त्यांना मासेमारी बंद होती आणि नेमके शनिवारी मासे पाण्यावर दिसत. तफसीरकार सांगतात की त्या लोकांनी युक्ती काढली. आदल्या दिवशी जाळी लावायची, दुसऱ्या दिवशी मासे काढायचे. नियमाचा शब्द राखला, अर्थ बुडवला. पाचव्या सूरेत मोमिनांना सांगितले आहे की शिकार तुमच्या हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आणून तुमची परीक्षा घेतली जाईल. केनाईवर ऐन हंगामात मासे काठाला अगदी हातभर अंतरावरून जातात. तिथे नियमही आहेत : दिवसाला किती मासे, कोणत्या जातीचे, मोटार लावलेल्या होडीला कोणत्या वारी बंदी. गाइड हे सगळे जाणतो आणि गिऱ्हाइकाला नियमात ठेवतो. पण तो फक्त नियमात ठेवू शकतो. हेतू तपासणे त्याच्या पगारात येत नाही. राहबर वाट दाखवतो, निय्यत आपली आपल्यालाच करावी लागते.

परदेशातल्या सहलीवर एवढे बोलल्यावर आपल्या घराकडेही पाहणे भाग आहे. मृगाचा पाऊस झाला की कोकणात ओढ्यांतून, व्हाळांतून, भाताच्या खाचरांतून मासे वर चढतात. चढणीचे मासे म्हणतात त्यांना. तेही अंडी घालायलाच निघालेले असतात. रात्री बत्त्या घेऊन माणसे बाहेर पडतात, कुणी पाग टाकतो, कुणी कोयता चालवतो. पोटात गाबोळी असलेला मासा हातात आला की घरात आनंद होतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्र शासनाची यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, ती याच कारणासाठी. ओढ्यावर कोण बंदी घालणार? पूर्वी गावची गरज थोडी होती, घरापुरते मासे नेले जात. आता चाकरमानी सुट्टी काढून चढणीच्या माशांसाठी गावी येतात आणि गोण्या भरतात. केनाईचा प्रश्न आणि आपल्या व्हाळाचा प्रश्न यात फरक थोडा आहे.

तेव्हा सहल निवडायची कशी? आम्हांला सुचते ते सांगतो. पहिला प्रश्न नदीला विचारावा : यंदा इथे मासा पुरेसा आहे का? अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये २०२२ साली सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले. अशा पाण्यातून दोन-तीन मासे घेणे आणि किंग सॅल्मन मोजून उरले आहेत तिथे गळ टाकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा प्रश्न गाइडला विचारावा : मासा कसा मारता, किती लवकर मारता, हवे तेवढे मिळाल्यावर थांबता का? जो म्हणेल की तुमचे मासे झाले, आता नुसते पकडत-सोडत बसू, त्याची होडी टाळावी. तिसरा प्रश्न स्वतःला विचारावा : हा मासा कोण खाणार? उत्तरात माणसांची नावे आली पाहिजेत. बायको, मुले, शेजारचे घर, मशिदीतले दोस्त. नावे येत नसतील तर गळ पाण्यात टाकू नये. आणि जिथे सक्तीने सोडूनच द्यावे लागते, ब्रिटनचा सॅल्मन २०२३ मध्ये धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेला तिथे, काठी घरी ठेवून जावे. पिटलॉक्रीच्या धरणाजवळ सॅल्मनसाठी पाण्याच्या पायऱ्या बांधल्या आहेत. अलास्कात ब्रुक्स धबधब्यावर अस्वले उसळणारा मासा जबड्यात झेलतात. तिथे उभे राहून पाहण्यातही एक सुट्टी जाते आणि चांगली जाते.

कुणी म्हणेल, एवढा विचार करत बसलो तर सुट्टी कसली? पण रोजेदार माणूस इफ्तारीचा घोट घेताना जेवढा आनंद घेतो तेवढा दिवसभर खाणारा घेत नाही, हा आपला दरवर्षीचा अनुभव आहे. विचाराने आनंद आटत नाही, तो जागेवर बसतो. मासा खायचा असेल त्याने तो पकडावा, त्याला लवकर मारावे, बिस्मिल्लाह म्हणून खावा आणि शेजाऱ्यालाही द्यावा. ज्याला नुसतीच झुंज हवी असेल, त्याने ती अशा कुणाशी घ्यावी जो झुंजायला राजी आहे.